एक तळे, एक वर्ष : खान्देशातील गावतळ्यावर वन्यजीव निरीक्षण सुरू करणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त माझी बदली गिरणा खोऱ्यातील एका गावी झाली, त्या वर्षी मी पहिली दुर्बीण विकत घेतली आणि एका हिवाळ्यात पंधरा-सोळा पाणवठे पालथे घातले. चांगदेवजवळ पसरलेला हतनूर धरणाचा फुगवटा, जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याचा नकाणे तलाव, पार तोरणमाळचा यशवंत तलावसुद्धा त्यात होता. मार्च उजाडला तेव्हा माझ्याजवळ नावांची लांबलचक यादी होती; पण त्यांपैकी कोणत्याही एका पाण्याविषयी चार वाक्ये खात्रीने सांगता येत नव्हती. पुढच्या वर्षी मोटारसायकल बंद पडली आणि नाइलाजाने गावाबाहेरच्या पाझर तलावावरच दर रविवारी पायी जाऊ लागलो. खरे शिक्षण तेथे झाले. म्हणून हा लेख प्रसिद्ध जलाशयांची सहल कशी करावी हे सांगत नाही. आपल्या घरापासून पायी किंवा सायकलने गाठता येईल असे एकच तळे वर्षभर कसे पाहावे, एवढेच सांगतो.

१. तळे निवडणे

खान्देशात गावाजवळचे पाणी साधारणपणे चार प्रकारचे असते: जुने गावतळे, पाझर तलाव, नदी-नाल्यावरील कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आणि शेततळे. नवोदिताने यांपैकी पाझर तलाव किंवा गावतळे निवडावे. १९७२ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून राज्यभर जी कामे निघाली, त्यांत असे पाझर तलाव मोठ्या संख्येने बांधले गेले. त्यांचा हेतू पाणी साठवून ठेवण्याचा नसून ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना देण्याचा होता. त्यामुळे त्यांची पातळी दिवाळीपासून सतत उतरत जाते, दर आठवड्याला ओल्या गाळाचा नवा पट्टा उघडा पडतो आणि त्या पट्ट्यावरच सर्वांत अधिक जीवसृष्टी दिसते.

काठाचा उतार ही पाहण्याची पहिली गोष्ट आहे. शेकाट्याला त्याच्या लांब लाल पायांनी उभे राहता येईल एवढेच पाणी लागते; पाण्यात डोके खुपसून शेपूट वर करणाऱ्या बदकांना मान पोहोचेल एवढी खोली लागते; बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना त्याहून खोल पाणी चालते. ज्या तळ्याचा निदान एक काठ अगदी मंद उताराचा आहे, तेथे या तिन्ही गटांची सोय होते. चारही बाजूंनी दगडी पिचिंग केलेल्या तळ्यावर पाणी भरपूर असूनही पक्षी कमी दिसतात, याचे कारण एवढेच आहे.

याच कारणाने प्लास्टिकचे अस्तर असलेली शेततळी निरीक्षणासाठी निवडू नयेत. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही शासकीय योजना सुरू झाल्यापासून केळी, कापूस व डाळिंबाच्या शिवारांत ती अधिकच दिसू लागली आहेत. शेतकऱ्याला ती उपयोगी आहेत, परंतु त्यांना चिखलाचा काठ नसतो आणि ओल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या माणसाला, कुत्र्याला किंवा रानडुकराला बाहेर येण्यासाठी पकड मिळत नाही. अशा तळ्याच्या कडेला एकट्याने उभे राहू नये.

काठावर पाणकणीस, लव्हाळा, एखादी पाण्यावर झुकलेली बाभूळ आणि थोडे उघडे गाळाचे मैदान असेल तर दुसरे तळे शोधण्याची गरज नाही. बेशरमीची झुडपे पाहून नाक मुरडू नये; वनस्पती बाहेरदेशची असली तरी वंचक आणि पाणकोंबड्या तिच्या जाळीत दडून बसतात. तळे पूर्णपणे जलपर्णीने झाकलेले असेल तर मात्र ते सोडून द्यावे.

२. विचारणा, परवानगी आणि कागदपत्रे

हा टप्पा मी पहिल्या वर्षी गाळला आणि त्याची किंमत मोजली. एका तळ्यावर मी दुर्बिणीतून पलीकडच्या काठावरचे पाणकावळे मोजत होतो. तेवढ्यात मासेमारीचा ठेका घेतलेल्यांचा राखणदार धावत आला. जाळ्यांचे फोटो काढून मी कोठेतरी तक्रार करणार, असा त्याचा समज झाला होता. तासभर वाद झाला आणि निरीक्षण तेथेच संपले. चूक माझी होती, कारण मी कोणालाही न विचारता दुसऱ्याच्या उपजीविकेवर नळकांडी रोखून बसलो होतो.

म्हणून पहिल्या भेटीत दुर्बीण पिशवीतच ठेवावी. तळ्यावर गुरे घेऊन येणारे, मासेमारी करणारे आणि मोटार चालू करायला येणारे शेतकरी यांच्याशी आधी बोलावे. 'भाऊ, काय देखी ऱ्हायनात?' हा प्रश्न येणारच. त्याला 'पक्षी मोजतो' असे सरळ उत्तर द्यावे आणि दुर्बीण त्यांच्या हाती देऊन एखादे बदक दाखवावे. दुर्बिणीतून एकदा पाहिलेला माणूस पुढच्या आठवड्यात आपणहून बातमी आणतो. रात्री काठावर कोल्हे येतात, अमुक खडकाखाली कासव बसते, ही माहिती मला अशा माणसांनीच दिली, आणि त्यातील बहुतेक खरी निघाली.

परवानगी कोणाची घ्यायची, हे जागेच्या मालकीवर ठरते. गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीच्या सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना भेटून कल्पना द्यावी. धरण वा मध्यम प्रकल्प असेल तर पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात विचारावे आणि भिंतीवर प्रवेश व छायाचित्रण मनाईचा फलक असेल तर तो पाळावा. तळे वनजमिनीत किंवा यावल, अनेर धरण, गौताळा औट्रमघाट यांसारख्या अभयारण्यात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये. काठाची जमीन खासगी असेल तर मालकाला तोंडी विचारणे पुरते. मात्र मालक कोण, याबद्दल दोघे दोन नावे सांगत असतील तर तलाठ्याकडे सातबारा पाहून घ्यावा.

सोबत ठेवावयाची कागदपत्रे थोडीच आहेत: आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र, विद्यार्थी असल्यास महाविद्यालयाचे पत्र, लेखी परवानगी घेतली असल्यास तिची प्रत आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. परवानगीच्या अर्जात तळ्याचे नाव, भेटीचे वार व वेळ, हेतू आणि 'कोणताही जीव पकडणार नाही व ड्रोन उडवणार नाही' हे वाक्य असावे. या शेवटच्या वाक्याने काम लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

३. साहित्य

दुर्बीण ८×४२ या मापाची घ्यावी. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दहा पटीची दुर्बीण दुकानात अधिक आकर्षक वाटते, परंतु हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दृष्टिक्षेत्र लहान होते, त्यामुळे नवख्या माणसाला उडता पक्षी सापडत नाही. यात्रेत किंवा स्वस्त जाहिरातींत मिळणारी वीस-तीस पटीची झूम दुर्बीण कधीही घेऊ नये.

अनेकजण दुर्बीण डोळ्यांना जुळवूनच घेत नाहीत आणि 'मला धूसरच दिसते' अशी तक्रार वर्षानुवर्षे करतात. पद्धत सोपी आहे. दूरच्या एखाद्या फांदीकडे पाहावे. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी प्रतिमा स्पष्ट करावी. मग डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेवरील कडे फिरवून उजव्या डोळ्यासाठी प्रतिमा स्पष्ट करावी. ते कडे त्यानंतर पुन्हा हलवायचे नाही. चष्मा असेल तर तो काढू नये, नेत्रिकेवरील रबरी कप खाली दाबावेत.

याखेरीज कडक पुठ्ठ्याची वही व पेन्सिल लागते, कारण दवात पेनची शाई पसरते. मातकट किंवा हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, पायात बूट, दोन लिटर पाणी, लहान टॉर्च आणि बसण्यासाठी पोत्याचा तुकडा घ्यावा. मोबाईलवर मर्लिन हे ओळखीला मदत करणारे आणि ई-बर्ड हे नोंदी साठवणारे ॲप घरूनच उतरवून ठेवावे, कारण तळ्याकाठी नेटवर्क मिळेलच असे नाही. कॅमेऱ्याचा मोह पहिले सहा महिने टाळावा; कॅमेरा हाती आला की माणूस पक्ष्याची वागणूक पाहायचे सोडून त्याच्या मागे धावू लागतो.

४. वेळ आणि बसण्याची जागा

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेले असावे. उन्हाळ्यात आठनंतर थांबण्यात अर्थ नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा पक्षीही चोच उघडी टाकून सावलीत बसलेले असतात. संध्याकाळचे शेवटचे दोन तास मात्र बाराही महिने चांगले.

सूर्य पाठीशी असावा. सकाळी पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहावे आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर बसून पूर्वेकडे पाहावे. मी सुरुवातीचे दीड महिने सकाळी पश्चिमेच्या पाळेवर बसत होतो, कारण पायवाट तेथेच संपत होती. त्या काळातील माझ्या वहीत 'काळी बदके' अशी नोंद पुन्हा पुन्हा आढळते. ती काळी नव्हती. मी उजेडाच्या विरुद्ध बसलो होतो.

दुसरी चूक पाळेच्या माथ्यावर उभे राहण्याची. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी मानवी आकृती पक्ष्यांना फार लांबून दिसते. पाळ वाकून ओलांडावी, पाण्याच्या बाजूला चार पावले खाली उतरावे आणि झुडपाला पाठ लावून बसावे. झुडपाच्या मागे लपण्याची गरज नसते. पुढे बसले तरी मागची पार्श्वभूमी आपली आकृती गिळून टाकते.

बसल्यावर पहिली वीस मिनिटे काहीही मिळणार नाही, हे गृहीत धरावे. आपण पोहोचताच टिटवी ओरडते आणि तिच्या ओरडण्याने अर्धे तळे पलीकडे सरकते. ती थकून शांत झाली की मगच खरे निरीक्षण सुरू होते. मी घड्याळ लावून पाहिले आहे: न हलता बसलो तर साधारण पंचवीस मिनिटांनी टिबुकल्या मधल्या पाण्यात परततात, त्यानंतर बदके, आणि सर्वांत शेवटी लाजाळू पाणकोंबडी गवतातून बाहेर येते. जो माणूस पंधरा मिनिटांत उठून दुसऱ्या काठावर जातो, तो प्रत्येक वेळी हे चक्र शून्यापासून सुरू करतो.

५. पक्षी ओळखणे: रंगाआधी वागणूक

नवोदित प्रथम रंग पाहतो आणि तेथेच अडकतो. त्याऐवजी पक्षी पाण्यात काय करतो, हे पाहावे. तो अख्खाच्या अख्खा बुडून दुसरीकडे वर येतो का, डोके खाली घालून शेपूट वर करतो का, पृष्ठभागावर चोच फिरवत पोहतो का, की काठाच्या उथळ पाण्यात चालतो?

मुठीएवढा गोलसर, बिनशेपटीचा पक्षी बुडून दिसेनासा झाला तर ती टिबुकली. तिला गावात सर्रास बदकाचे पिल्लू समजतात. पावसाळ्यात तिचे तरंगते घरटे दिसले तर लांबूनच पाहावे: घरट्यावरून उठताना ती अंड्यांवर ओले शेवाळ ओढून घेते आणि पिल्ले झाली की त्यांना पाठीवर बसवून फिरवते.

काळाभोर देह आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला चांदवा दुसरा. 'पाणकोंबडी' या एका नावाखाली आपल्याकडे चांदवा, जांभळी पाणकोंबडी आणि पांढऱ्या छातीची पाणकोंबडी असे तीन वेगळे पक्षी मोडतात. म्हणून कोणी 'पाणकोंबड्या खूप आहेत' असे सांगितले तर कोणती, हे विचारून घ्यावे. चांदवा उडण्याआधी पाण्यावरून फटफट पावले टाकत लांबवर धावतो, एवढ्या खुणेवरही तो ओळखता येतो.

पाणकावळा आणि तिरंदाज यांच्यात गोंधळ होतो. दोघेही पंख पसरून वाळवत बसतात, कारण दोघांचेही पंख पाण्यात भिजतात. पाणकावळ्याची चोच टोकाशी वाकलेली असते, तर तिरंदाजाची भाल्यासारखी सरळ. पोहताना तिरंदाजाचे शरीर पाण्याखाली राहते आणि केवळ मान वर दिसते. या मानेला साप समजून दगड मारणारी मुले मी पाहिली आहेत.

बदकांपैकी आपल्याकडे बाराही महिने राहणारे हळदी-कुंकू बदक आधी पक्के करावे. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके, यावरून त्याला हे नाव पडले. ते ओळखता आले की हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके त्याच्याशी तुलना करून ओळखता येतात: चपट्या, पसरट चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचे तलवार बदक, डोळ्यावर पांढरी कमान असलेले भुवई बदक आणि नारिंगी अंगाचा चक्रवाक. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते त्या सुमारास, म्हणजे दत्तजयंतीच्या आगेमागे, ही मंडळी बहुधा स्थिरावलेली असतात. मात्र नर-मादीतील फरक लक्षात ठेवावा. बहुतेक पाहुण्या बदकांच्या माद्या तपकिरी, ठिपकेदार आणि एकमेकींसारख्या असतात. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह लिहून मोकळे व्हावे.

काठावरच्या चिखलात चोच खुपसणारे लहान करडे पक्षी, म्हणजे तुतवार, चिखल्या, पाणलाव वगैरे, यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये असे माझे मत आहे. त्यांत अनुभवी माणसेही चुकतात.

वंचक मात्र सर्वांना दिसतो आणि कोणीही नीट पाहत नाही. मातकट रंगाचा हा बगळा आपल्यापासून दहा पावलांवर उभा असतो आणि उडाल्यावरच त्याचे पांढरेशुभ्र पंख दिसतात. पावसाळ्यात त्याच्या पाठीवर गर्द तांबूस पिसे येतात, तेव्हा नवीन पक्षी सापडला म्हणून आनंदणारे पुष्कळ असतात. त्यांत मीही होतो. गाय बगळ्याचेही तसेच आहे: हिवाळ्यातला पांढरा पक्षी पावसाळ्यात डोक्या-मानेवर केशरी होतो.

कमळाची किंवा शिंगाड्याची पाने असतील तर कमळपक्षी शोधावा. त्याची लांब बोटे शरीराचा भार पानांवर वाटून देतात. त्याच्या संसारात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही कामे नर करतो. मादी एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते.

६. काठावरचे बाकीचे रहिवासी

तळ्यावर जाणारे बहुतेक लोक फक्त पक्षी पाहतात. सकाळचा ओला गाळ मात्र रात्रीची हजेरी दाखवतो. ठसा दिसला की त्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाईलने सरळ वरून फोटो घ्यावा, म्हणजे आकार कळतो. कुत्रा व कोल्हा यांच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून ठेवतात, म्हणून त्यांचा ठसा गोलसर आणि बिननखांचा असतो. रानडुकराच्या दोन खुरांमागे मऊ चिखलात दोन लहान खुणा दिसतात. मोठा, गोल, बिननखांचा ठसा आढळला तर तळ्याच्या कडेच्या उसात वा केळीत शिरू नये. आल्या वाटेने परतावे, गावात सांगावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पाण्यावरून पोहत जाणारा साप बहुधा पाणदिवड असतो. तो बिनविषारी आहे, पण चिडला की मान चपटी करून उभा राहतो आणि त्यामुळे त्याला नाग समजून मारले जाते. मात्र याचा अर्थ प्रत्येक साप बिनविषारी समजावा असा नाही: नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्या जिल्ह्यांत आहेत. ओळख पटो वा न पटो, अंतर तेच ठेवावे.

चतुर आणि टाचणी यांतील फरक अर्ध्या मिनिटात शिकता येतो: बसल्यावर चतुराचे पंख विमानासारखे पसरलेले राहतात, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटतात. दोघांचेही बालपण पाण्यात जाते. पहाटे लव्हाळ्याच्या देठांवर त्यांच्या पोकळ काती चिकटलेल्या दिसतात. पोळ्यानंतर माळावर थव्याने तरंगणारे पिवळसर चतुर पाहिले असतील. त्या जातीचे चतुर वाऱ्याच्या साहाय्याने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात.

कासव दिसले तर त्याला घरी आणू नये. मऊ पाठीच्या कासवाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये संरक्षण आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना इजा करणेही शिकारीत मोडते, हे हौशी छायाचित्रकारांना ठाऊक नसते.

७. नोंद ठेवणे

नोंद जागेवरच लिहावी. घरी येऊन आठवणीने लिहिलेली नोंद सुंदर असते आणि खोटी असते. प्रत्येक भेटीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, ढग-वारा, पाण्याची पातळी, जात आणि संख्या एवढे लिहावे. पातळीसाठी सांडव्याजवळचा एखादा खडक किंवा पायरी कायमची खूण म्हणून ठरवावी. 'पाणी खडकाच्या खाली दोन हात' ही नोंद पाच वर्षांनीही वाचता येते.

'बदके पुष्कळ' असे कधीही लिहू नये. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी प्रत्यक्ष मोजावेत, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरावे आणि तेवढ्या मापाने उरलेला थवा मोजत जावे. प्रथम अंदाज फार चुकतो. सहसा कमी येतो. जे पक्षी मागील वेळी होते आणि आज नाहीत, त्यांच्यापुढे शून्य लिहावे. पुढे तुलना करताना ही शून्येच सर्वांत उपयोगी पडतात.

ई-बर्डवर नोंद भरताना दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सर्व जाती लिहाव्यात; फक्त 'खास' तेवढ्या निवडू नयेत. कावळा आणि साळुंकीही लिहावी. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि लहान तळ्याची आकडेवारीही तीत चालते. शाळेला सोबत घ्यायचे असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह सोयीचा आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस.

लहान पाण्याच्या नोंदीला किंमत नसते, असे कोणी म्हणाले तर त्याला रान पिंगळ्याची गोष्ट सांगावी. १८८४ नंतर कोणालाही खात्रीने न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला. मधल्या ११३ वर्षांत तो नामशेष झाला असावा, असे समजले जात होते.

८. सर्रास होणाऱ्या चुका आणि खरे धोके

सर्वांत मोठा धोका सापाचा किंवा बिबट्याचा नसून काठावर पसरलेल्या मोटारींच्या वायरींचा आहे. पाणी उतरेल तशा मोटारी पुढे सरकवल्या जातात, वायरींना जोड दिले जातात आणि ते जोड ओल्या गवतात पडलेले असतात. वीज गेलेली असली तरी ती केव्हाही येते. वायर ओलांडण्याऐवजी वळसा घ्यावा.

वाळलेल्या गाळाची पपडी फसवी असते: वरून भेगा पडलेल्या आणि खाली मांडीएवढा चिखल. गुरांच्या खुरांची वाट असेल तेथूनच जावे आणि हाती काठी ठेवावी. कापसाच्या फवारणीच्या दिवसांत काही ठिकाणी पंप तळ्याच्या पाण्यात धुतले जातात, म्हणून त्या पाण्यात हात-तोंड धुऊ नये.

सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. हालचाल कमी ठेवून १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. सापाला पकडून सोबत नेण्याची गरज नसते.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बाहेर काढण्याची सवय लावून घेऊ नये. विणीच्या दिवसांत नर आपली जागा राखायला धावून येतो आणि त्याची शक्ती वाया जाते. टिटवी आणि शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात; टिटवी आपल्या डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करू लागली तर आपण तिच्या अंड्यांजवळ आहोत असे समजून, पायाखाली पाहत, आल्या पावलांनी मागे फिरावे. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. विजेचा धक्का देऊन किंवा पाण्यात विष टाकून मासे मारताना कोणी दिसले तर एकट्याने वाद घालू नये. दूर जाऊन कळवावे.

९. आखाजी ते मृग: आटलेले तळे

अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, पाझर तलावात बहुधा डबके उरते किंवा तेही उरत नाही आणि बहुतेक निरीक्षक जूनपर्यंत दुर्बीण पेटीत ठेवतात. असे करू नये. शेवटच्या डबक्यात मासे कोंडले जातात, त्यामुळे चित्रबलाक, चमचा, राखी बगळा असे एरवी दूर बसणारे मोठे पक्षी एका जागी जवळून पाहायला मिळतात. सुक्या तळ्यात फिरून पुढील वर्षासाठी तळाचा नकाशाही काढून घ्यावा: खड्डा कोठे आहे, उतार कोठे मंद आहे, खडक कोठे आहेत. हे पाणी असताना कधीच कळत नाही.

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की त्याच रात्री जावे. दुसऱ्या दिवशीवर ढकलू नये. एकट्याने जाऊ नये, घरी सांगून जावे, आणि विजा चमकत असतील तर थांबावे. उन्हाळाभर जमिनीत दडून राहिलेले बेडूक त्या रात्री बाहेर पडतात. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारा मोठा बेडूक, ज्याला बैल बेडूक म्हणतात, त्याचा नर विणीच्या या दिवसांत लिंबासारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. टॉर्चचा झोत सरळ त्यांच्यावर टाकला की ओरडणे थांबते. म्हणून काठापासून वीसेक पावलांवर उभे राहून टॉर्च विझवावी, दहा मिनिटे नुसते ऐकावे, किती प्रकारचे आवाज येतात ते बोटांवर मोजावे आणि मगच टॉर्चवर लाल कागद गुंडाळून, जमिनीकडे झोत ठेवून, एकेक पाऊल पुढे जावे. त्या रात्रीच्या नोंदीसाठी वहीचे नवे पान घ्यावे, कारण तळ्याचे वर्ष तेथून सुरू होते.